दाखवायचे दात

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारच्या ड्रॉवरमध्ये एक पट्टी असते. तिच्यात सोळा दात ओळीनं खोवलेले, प्रत्येकाच्या देठावर एक अक्षर आणि एक आकडा: ए-२, बी-१, सी-४. एकेक दात उपसून पेशंटच्या दाताशेजारी धरायचा, जुळला की तो नंबर कार्डावर लिहायचा. जर्मनीतल्या व्हिटा कंपनीनं १९५६ च्या सुमाराला ही पट्टी बाजारात आणली ती कॅप आणि कवळ्या करणाऱ्यांच्या सोयीसाठी. ए म्हणजे तांबूस तपकिरी, बी तांबूस पिवळा, सी करडा, डी तांबूस करडा. माणसांच्या तोंडात एरवी जे रंग सापडतात त्यांचीच ही मोजदाद, आणि तिच्यात पांढराशुभ्र दात एकही नाही. सगळ्यांत उजळ मानला जाणारा बी-१ सुद्धा पिवळसर झाक राखून आहे. आता पेशंट मोबाइल पुढे करून नटीचा फोटो दाखवतात, आणि फोटोतला तो दात सोळांत कुठेच बसत नाही. मग कंपन्यांनी पट्टीच्या उजळ टोकाला आणखी काही दात जोडले. त्यांना ब्लीच शेड म्हणतात. निसर्गात नसलेल्या रंगांना नंबर मिळाले ते असे.

पुण्यातल्या एका दवाखान्यात हे काम बघत बसलो होतो. तुळशीचं लग्न लागलं की इथले फोन वाढतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. लग्न पंधरा दिवसांवर. मुलगी गप्प, बोलत होती ती आई.

"डॉक्टर, हिचे दात जरा पांढरे करून द्या. फोटोत फार पिवळे येतात."

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि पुढच्या दातावर नख टेकवलं. "हा कॅपचा ना गं?"

शाळेत असताना सायकलवरून पडून तो दात तुटला होता, त्यावर पुढे कॅप बसली. पट्टी काढून बघितली तर कॅप ए-२ आणि शेजारचे दातही तेच.

"काकू, कॅपला ब्लीच चढत नाही. बाकीचे दात उजळले की हा एकटा पिवळा दिसेल. तो बदलायचा तर ब्लीचनंतर दोन आठवडे थांबावं लागतं, रंग स्थिरावल्याशिवाय नवी कॅप कशाला जुळवणार? तुमच्याकडे आहेत पंधरा दिवस."

शेवटी त्या दिवशी नुसतं क्लिनिंग झालं. पाण्याचा फवारा आणि मशीनची किर्रकिर्र, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं किटणाचे कपचे निघत होते, हिरडीतून थोडं रक्त आलं. अर्ध्या तासानं मुलीनं आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच बोलली, "आई, पुरे झालं की एवढं." दात होते तेवढेच पिवळे होते, फक्त त्यांच्यावरचा चहाचा थर गेला होता.

दात उजळवण्याच्या सगळ्या धंद्यातली मेख इथे आहे. आपण ज्याला दात पिवळे होणं म्हणतो त्यात निदान तीन-चार निरनिराळ्या गोष्टी असतात, प्रत्येकीचा इलाज वेगळा, आणि एकीवर तर इलाज करण्याचं कारणच नाही.

ती म्हणजे दाताचा मूळ रंग. दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि काहीसं पारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन, ते पिवळसर. आपल्याला दिसतो तो रंग मुख्यतः आतल्या डेंटिनचा. हिरडीजवळ एनॅमल पातळ, म्हणून तिथे दात जास्त पिवळा. सुळ्यात डेंटिन भरपूर, म्हणून सुळे शेजारच्या पटाशीच्या दातांपेक्षा गडद. कुणाचेही बघा, हे असंच असतं. वय वाढतं तसं वरचं कवच झिजत जातं, आत डेंटिनचे नवे थर चढतात आणि दात आणखी पिवळा दिसू लागतो. पन्नाशीतले पिवळसर, घट्ट, कीड नसलेले दात ही तक्रार करण्यासारखी गोष्ट मुळीच नाही. उलट मोत्यासारख्या दातांत आतून कीड लागलेली असू शकते. रंगावरून तब्येत कळत नाही.

दुसरा प्रकार वरून चढलेल्या डागांचा. चहा, कॉफी, पान, तंबाखू, गुटखा, लोहाचं सिरप, शिवाय हिरड्यांसाठी डॉक्टरच देतात ती क्लोरहेक्सिडीनची गुळणी. ती पंधरवड्याहून जास्त चालवली की दातांवर तपकिरी छटा येते. आणि आपल्याकडची मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावत बसायचं. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत, शहरातल्या वस्त्यांतही आहेत. पोट साफ होतं ते निकोटिनमुळे, आणि सवय सुटत नाही तीही त्यामुळेच. केंद्र सरकारनं १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, उत्पादक कोर्टात गेले, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. घरच्या तव्यावर मात्र कुठला कायदा चालणार? मशेरीच्या काळ्या दातांसाठी कुणी दवाखान्यात आलं तर डाग क्लिनिंगमध्ये बरेचसे निघतात. पण शहाणा डॉक्टर डागांकडे नंतर बघतो, आधी गालाची आतली बाजू आणि जिभेची कड पांढऱ्या-लाल चट्ट्यांसाठी तपासतो. कॅन्सरची सुरुवात तिथे दिसते.

काळे दात कुरूपच, असं सगळीकडे, सगळ्या काळांत कधी नव्हतं. दात काळे करण्यासाठी पूर्वी बायका मुद्दाम मिस्सी नावाची पूड लावत, आपल्याकडच्या जुन्या बायका दातवण लावत. जपानात लोखंडाचा अर्क आणि टॅनिन मिसळून दातांना काळी झिलई देण्याची चाल शतकानुशतकं होती. मेजी सरकारनं १८७० साली उमरावांना ती बंद करायला लावली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हा ती चाल उतरणीला लागली.

आता ब्लीच. त्याबद्दलची सगळ्यांत पक्की गैरसमजूत अशी की त्यात दात खरवडतात. खरवडत नाहीत. औषध एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ज्यातून तेच सुटतं ते कार्बामाइड पेरॉक्साइड. दहा टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हा रेणू इतका लहान की एनॅमलमधून सरळ आत उतरतो, दहा-पंधरा मिनिटांत दाताच्या नसेपर्यंतही पोचतो. जाता जाता तो डेंटिनमधले रंगीत रेणू तोडतो. त्यांचे तुकडे झाले की ते प्रकाश पूर्वीसारखा शोषत नाहीत, आणि दात उजळ दिसतो. ब्लीच करताना दात सळसळतात तेही याच प्रवासामुळे.

याचा घरी वापरायचा प्रकार सापडला तो योगायोगानं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरनं सुजलेल्या हिरड्यांसाठी पेशंटच्या प्लास्टिकच्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक घालून दिलं. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळले. ही गोष्ट डॉक्टर-डॉक्टरांत तोंडोतोंडी फिरत राहिली. १९८९ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या हेवूड आणि हेमन यांनी ती पद्धत शिस्तीत तपासून छापली: दाताच्या मापाचा पातळ ट्रे, त्यात दहा टक्क्यांचं जेल, रात्री घालून झोपायचं, दोन ते सहा आठवडे. त्यानंतर या धंद्यानं जी धाव घेतली ती थांबलेली नाही. दुकानात २००० नंतर चिकटपट्ट्या आल्या, दवाखान्यांत दिवे लागले.

दिव्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जाहिरात त्यांचीच असते. दवाखान्यात खुर्चीवर होणाऱ्या ब्लीचमध्ये ओठ-गाल बाजूला धरणारी प्लास्टिकची चौकट घालतात, हिरडीच्या कडेनं राळेचा पातळ बांध घालून तो लाइटनं कडक करतात आणि मग दातांवर ३५ ते ४० टक्क्यांचं जेल पसरतात. पंधरा-वीस मिनिटांनी पुसायचं, पुन्हा लावायचं, असं दोन-तीनदा. समोर निळा दिवा. चित्र भारी दिसतं. पण दिव्यामुळे शेवटच्या रंगात फारसा फरक पडतो असं अभ्यासांत दिसत नाही. काम जेल करतं. तासभर तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात नेहमीच जास्त पांढरा दिसतो. म्हणून खुर्चीवरून उठताना आरशात जो रंग दिसतो, त्यातला थोडा पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत परत जातो. लगेच काढलेले 'आधी आणि नंतर'चे फोटो या कारणानं खोटे नसले तरी अर्धे असतात. कमी टक्क्यांचं औषध रोज रात्री घरी लावून शेवटी रंग जवळपास तिथेच पोचतो. पैसे जातात ते मुख्यतः वेळ वाचवण्याचे. शहरागणिक दर वेगळे, काही हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत.

आणि रंग टिकतो किती? चहा-सिगारेटवर अवलंबून, कुणाचा काही महिने, कुणाचा दोन-तीन वर्षं. नंतर पुन्हा करा. एकदाचं काम उरकलं असं इथे होत नाही, हे सांगायला बरेच लोक विसरतात.

त्रास काय होतो? दात आंबल्यासारखे होतात, गार पाण्यानं कळ येते. बहुतेकांची दोन-चार दिवसांत ओसरते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधी आठवडाभर वापरली तर कमी होते. जेल हिरडीला लागलं तर तिथे पांढरा चट्टा उठतो, चुरचुरतो, एक-दोन दिवसांत जातो. घरच्या ब्लीचिंगबद्दल कॉक्रेन या संस्थेनं २०१८ साली सत्तरहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. रंग थोड्या काळापुरता उजळतो, दात सळसळणं आणि हिरड्यांची चुरचुर हे त्रास होतात, आणि बहुतेक चाचण्यांचा दर्जा बेताचाच, असं त्यातून निघालं. खरी भीती आहे ती न तपासता ब्लीच करण्याची. दातात कीड आहे, जुनं सिमेंट गळतंय, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलंय, अशा ठिकाणी पेरॉक्साइड थेट नसेवर जातं. गरोदरपणात आणि अठराच्या आत हे सहसा करत नाहीत.

ब्लीचनंतर दोन दिवस रंगीत खाऊ नका असं सांगतात. हळद आणि लाल तिखटाशिवाय मराठी घरात काय शिजतं? दहीभात, उपासाची साबुदाण्याची खिचडी, दूधपोहे. हा नियम जितक्या कडकपणे सांगतात तितका भक्कम पुरावा त्याच्यामागे नाही. पण हळदी समारंभाच्या आदल्या दिवशी ब्लीच करून घेणाऱ्यांना अडवायला तो उपयोगी पडतो, असं त्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

तिसरा प्रकार आतून बदललेल्या रंगाचा. एखादाच दात करडा-काळा पडला असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या माराने बहुतेकदा त्यातली नस मेलेली असते. आधी एक्स-रे, मग रूट कॅनाल, आणि हवं तर आतून ब्लीच: दाताच्या पोकळीत औषध बंद करून काही दिवस ठेवतात. वरून कितीही जेल लावलं तरी तो दात शेजाऱ्यांना गाठत नाही. लहानपणी टेट्रासायक्लीन दिल्यामुळे आलेल्या राखाडी पट्ट्याही अशाच हट्टी. त्यांना कधी कधी कित्येक महिने रात्रीचा ट्रे लावावा लागतो, आणि तरी हिरडीजवळची पट्टी राहतेच.

दुकानातल्या व्हाइटनिंग टूथपेस्टचं काय? त्यातल्या बहुतेक पेस्ट बारीक सिलिकानं वरचा डाग घासतात, मूळ रंगाला हात लावत नाहीत. काहींमध्ये निळं रंगद्रव्य असतं. पांढऱ्या धोतराला नीळ द्यावी तसं ते दातावर बसतं, पिवळेपणा झाकतं आणि दिवसभरात धुऊन जातं. त्यात अपाय नाही, पण ट्यूबवर लिहिलेलं 'एका घासण्यात' अक्षरशः खरं असतं हे लक्षात ठेवा: परिणामही तेवढाच.

कोळशाची पेस्ट सध्या जोरात आहे. आपल्याला काळ्या मंजनाचं नवल नाही. माकडछाप काळी पावडर मुंबईतल्या कित्येक घरांत मोरीच्या फळीवर होती. पण कोळशानं दात पांढरे होतात किंवा तो दातांना सुरक्षित आहे, असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली छापलेल्या आढाव्यात निघाला. भरड पूड रोज घासली की एनॅमल झिजतं, आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं, म्हणून माणूस आणखी जोरात घासतो. लिंबू आणि खाण्याचा सोडा हा घरगुती उपाय त्याहून वाईट. एनॅमल साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोन-अडीचचा असतो. लिंबू चोळून लगेच घासलं की पहिल्या दिवशी दात चकचकीत वाटतात, कारण वरचा थर गेलेला असतो. तो परत येत नाही. शरीरात एनॅमल पुन्हा बनत नाही.

हे काम कुणी करावं, यावरून देशोदेशी भांडणं झाली आहेत. युरोपीय संघानं २०११ साली ठरवलं की ०.१ टक्क्यापर्यंत पेरॉक्साइड कुणालाही विकता येईल, त्यावर ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत आणि पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली, अठराखालच्यांना नाही, आणि ६ च्या वर तर नाहीच. इंग्लंडमध्ये ब्यूटी पार्लरवाल्यांनी हे सौंदर्यप्रसाधनाचं काम आहे असा पवित्रा घेतला. २०१३ साली तिथल्या उच्च न्यायालयानं तो मोडून काढला, दात पांढरे करणं हे दंतवैद्यकच. अमेरिकेत उलटं घडलं, तेही त्याच नॉर्थ कॅरोलायनात. तिथे मॉलमध्ये टपऱ्या लागल्या, दंतवैद्यांपेक्षा स्वस्त. राज्याच्या दंतवैद्यक मंडळानं त्यांना पत्रं धाडली, बंद करा. मंडळावर बहुसंख्य सदस्य धंदा करणारे दंतवैद्य. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ साली सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळ हरलं. सरकारची नीट देखरेख नसताना धंद्यातल्याच लोकांनी धंद्यातल्या स्पर्धकांना हुसकावलं तर स्पर्धा कायद्यातून सूट नाही, असा निकाल. टपरीवरचं ब्लीच सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्यात सुटला नाही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. दंतवैद्य पेशंटची काळजी म्हणून बोलतात तेव्हा गल्ल्याचीही काळजी असते, आणि टपरीवाला स्वस्त देतो कारण तो तोंडात बघतच नाही.

आपल्याकडे औषध कुठलं आणि प्रसाधन कुठलं, हा वाद अबकारी कराच्या रूपानं चांगला रंगला होता. पेंढरकरांच्या विको कंपनीची वज्रदंती आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर वर्षानुवर्षं खटला चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. ग्राहकाला या वादातून मिळालं काहीच नाही. ग्राहकानं करायची गोष्ट साधी आहे: दंतवैद्याचं नाव राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं, तेव्हा सलूनमध्ये 'स्माइल पॅकेज' घेण्याआधी ब्लीच लावणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. आणि जेल किती टक्क्यांचं, तेही.

राहिला तो डागांचा प्रकार, ज्याची पार्लरमध्ये किंमत विचारली जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी आठ वर्षांच्या आतल्या मुलानं पीत राहिलं, की हिरडीखाली तयार होत असलेल्या दातांचं एनॅमल बिघडतं आणि दात येतात तेच खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊन. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला गावातल्या कितीतरी जणांचे दात असे दिसले आणि कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. आपल्याकडे कारण ठाऊक आहे.

अशा गावातला मुलगा विशीत दंतवैद्याकडे येतो तो नोकरीच्या मुलाखतीआधी किंवा मुलगी बघायला जाण्याआधी. हसताना ओठ मिटून घेण्याची सवय पक्की झालेली. नुसतं ब्लीच केलं तर पांढरे ठिपके सुरुवातीला आणखी ठळक होतात, हे आधी सांगावं लागतं. तपकिरी डाग उथळ असतील तर आम्ल आणि प्युमिसची पूड मिसळून वरचा अगदी पातळ थर घासून काढतात, मग ब्लीच, तरी उरलेल्या ठिपक्यांत पातळ राळ जिरवतात. खोल खड्डे पडले असतील तर वरून व्हिनिअरचा पापुद्रा बसवायचा, तो महाग. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत असे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्तात होतात, फक्त खेपा घालाव्या लागतात आणि विद्यार्थी हळू काम करतात. हळू काम करणं इथे चांगलंच.

पण त्या मुलाचे डाग काढताना घरी कोण कोण आहे हेही विचारायला हवं. पाच-सहा वर्षांची भाची असेल, धाकटा भाऊ असेल, तर त्यांचे कायमचे दात आत्ता घडताहेत आणि ते त्याच हापशाचं पाणी पीत आहेत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, आटल्यामुळे उलट वाढतं. कापडानं गाळून किंवा तुरटी फिरवूनही भागत नाही. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो. ग्रामपंचायतीनं बाटली भरून पाठवायची आणि आकडा दीडच्या वर आला, तर त्या हापशाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला बंद करून पोरांसाठी दुसरीकडून आणायचं.